वजन उतरलं, आता मॅटवर उतरायचंय?

वजन कमी करण्याची सर्जरी होऊन काही महिने झालेत. काटा हळूहळू खाली येतोय, जुने ड्रेस ढगळ झालेत, तिसऱ्या मजल्यावर चढून गेलं तरी धाप लागत नाही. आणि अशात तुमच्या मनात एक विचार डोकावतो, जो घरात बोलून दाखवायला जरा संकोच वाटतो. तुम्हाला कुस्ती शिकायचीय. किंवा ज्युदो. किंवा सोसायटीजवळ नव्यानं सुरू झालेल्या जिउ-जित्सूच्या क्लासला एकदा जाऊन बघायचंय.

घरात विषय काढलात की काय ऐकायला मिळणार, हेही तुम्हाला ठाऊक आहे. "झालं ना आता वजन कमी? मग चालायला जा, योगा कर. ही मारामारी कशाला?" त्यांची काळजी खोटी नाही. पण तुमची इच्छाही वेडी नाही. सर्जरीनंतर बरेच जण असे खेळ खेळू शकतात. फक्त त्याला एक क्रम आहे, थोडा धीर लागतो आणि एक गोष्ट अजिबात करायची नसते: सर्जरी लपवायची नसते. आज आपण याबद्दलच बोलूया.

हे खेळ नेमके कसले?

कराटे किंवा बॉक्सिंगमध्ये ठोसे आणि लाथा असतात. कुस्ती, ज्युदो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये मात्र समोरच्याला धरायचं, तोल घालवायचा, पाडायचं आणि खाली दाबून ठेवायचं असतं. कुस्ती आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातच नाही, तर इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतही तालमीच्या गोष्टी सांगणारे आजोबा भेटतात. ज्युदोची सुरुवात जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये केली. तीच विद्या पुढे ब्राझीलमध्ये पोचली आणि तिथे जमिनीवरच्या डावांवर भर देत जिउ-जित्सूचा आजचा प्रकार तयार झाला.

कानोंच्या शिकवणीचा गाभा असा होता की कमीत कमी ताकद वापरून जास्तीत जास्त परिणाम साधायचा. सर्जरीनंतर शिकायला येणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. आधी तुम्ही हे खेळ खेळत असाल, तर नुसत्या वजनावर समोरच्याला दाबून ठेवायची सवय असेल. आता ते वजन नाही. शरीराचा तोलही बदललाय, त्यामुळे जुना डाव टाकायला गेलात तर पाय भलतीकडेच पडतो. सुरुवातीला चिडचिड होते. पण खरं तंत्र आता शिकायला मिळतं.

सर्जरीनंतर व्यायाम हवाच, मग हाच का नको?

सर्जरीनंतर उतरणारं सगळं वजन चरबीचं नसतं. त्यात स्नायूही जातात. खाणं एकदम कमी झालेलं असतं, त्यामुळे शरीर स्नायूंनाही हात घालतं. म्हणून डॉक्टर फक्त चालण्यावर थांबू नका, ताकदीचा व्यायामही करा असं सांगतात. धरणं, ढकलणं, उठणं, कंबर फिरवणं अशा हालचालींनी अंगभर काम होतं.

दुसरा फायदा काट्यावर दिसत नाही. वर्षानुवर्षं आपल्या शरीराला फक्त "जास्त" म्हणून पाहिलेल्या माणसाला हे शरीर काहीतरी करू शकतं, हे कळणं मोठं असतं. पडून परत उठता येणं, आपल्यापेक्षा जड माणसाच्या पकडीतून सुटता येणं, हे अनुभव वजनाच्या आकड्याइतकेच मोलाचे आहेत.

पोटात काय बदललंय, ते आधी समजून घ्या

स्लीव्ह सर्जरीत पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद पिशवी उरते. बायपासमध्ये पोटाचा अगदी छोटा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. नेहमीच्या बायपासमध्ये हा कप्पा साधारण ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढाच असतो.

दुर्बिणीच्या सर्जरीमुळे बाहेरून चार-सहा बारीक व्रण दिसतात आणि आपल्याला वाटतं, "एवढंसंच तर आहे!" पण त्वचेची जखम दोन आठवड्यांत भरली तरी आतला पोटाचा पडदा आणि टाके घातलेला भाग मजबूत व्हायला बराच वेळ लागतो. घाईनं जोर लावला तर व्रणाच्या जागी हर्निया होऊ शकतो. हे खेळ तर पोटावरच खेळले जातात. समोरचा गुडघा पोटावर टेकवतो, तुम्ही दुमडले जाता, श्वास रोखून जोर लावता. म्हणून इथे व्रण सुकला एवढं पुरेसं नाही.

मग सुरुवात कधी करायची?

तारीख तुमचे सर्जनच देतील, कारण तुमची सर्जरी कोणती आणि ती कशी झाली हे त्यांना माहीत असतं. साधारण क्रम मात्र असा असतो.

पहिले काही आठवडे चालणं हाच व्यायाम. तो टाळू नका, कारण पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चालणं गरजेचं असतं. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. यात भरलेली पाण्याची बादली, गॅस सिलिंडर आणि कडेवरचं मूल हे सगळं आलं.

त्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीनं हलका ताकदीचा व्यायाम. याच काळात क्लासला जाऊन कडेला बसून बघता येतं, पायांच्या हालचाली एकट्यानं करता येतात, बेल्ट बांधायला शिकता येतं.

पाडापाडी आणि पकडीचा सराव साधारण तीन महिन्यांच्या आत सहसा सांगत नाहीत. काहींना सहा महिने थांबावं लागतं. परवानगी मागताना "व्यायाम करू का?" एवढंच विचारू नका. डॉक्टर "हो, करा" म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रेडमिल असेल. "डॉक्टर, या खेळात माणूस माझ्या पोटावर बसतो, मला उचलून पाडतो, चालेल का?" असं स्पष्ट विचारा. फोनवर क्लासचा एखादा व्हिडिओ दाखवा.

परवानगी मिळाल्यावरही आधी पडायला शिका. ज्युदोत हनुवटी छातीकडे घेऊन, हात मॅटवर आपटत पडण्याचा सराव आधी करून घेतात. मग ठरवून दिलेले डाव, मग हळू वेगात सराव आणि खरी झटापट सगळ्यात शेवटी.

सांगायचं कुणाला?

आपल्याकडे ही सर्जरी घरात दबक्या आवाजात होते. "पित्ताशयाचं ऑपरेशन झालं" असं नातेवाइकांना सांगितलं जातं. कारण ऐकावं लागतं की डाएट जमलं नाही म्हणून सोपा रस्ता धरला. खरं तर लठ्ठपणा हा आजार आहे आणि सर्जरी हा त्याचा उपचार आहे. नितीन गडकरींनी २०११ मध्ये आणि अरुण जेटलींनी २०१४ मध्ये वजनासाठी सर्जरी करून घेतली, हे सगळ्या देशाला कळलं. पण आपल्या बिल्डिंगमध्ये कळू नये असं आपल्याला वाटतं. नातेवाइकांना काय सांगायचं ही तुमची मर्जी. मॅटवर मात्र ही लपवाछपवी अंगाशी येऊ शकते.

माझी मावसताई हैदराबादला असते. स्लीव्ह सर्जरीनंतर पाच महिन्यांनी, डॉक्टरांना विचारूनच ती जिउ-जित्सूच्या क्लासला जायला लागली. क्लासमध्ये तिनं सर्जरीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. "नवीन ओळखी होत्या गं, मला आधीची जाडी मुलगी म्हणून तिथे ओळख नको होती," असं ती म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात सरावाच्या पार्टनर मुलीनं नेहमीसारखा गुडघा तिच्या पोटावर टेकवला आणि मग पूर्ण वजन टाकलं. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं, डावच तसा आहे. ताईला एकदम मळमळलं, डोळ्यांसमोर अंधारी आली. सरांना वाटलं, नवीन आहे, घाबरली. पाणी प्या म्हणाले आणि समोर ग्लास धरला. तो ग्लास तिला एका दमात पिता येणार नव्हता आणि का, हे सांगायलाही तिला जमेना.

दवाखान्यात दाखवल्यावर सगळं ठीक निघालं. पण पुढच्या क्लासला ताई दहा मिनिटं आधी गेली आणि सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सरांनी दोनच प्रश्न विचारले: पोटावर दाब किती चालेल आणि अचानक त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. त्या दिवसापासून तिच्यासोबत सराव करणाऱ्याला एक ओळ सांगितली जाते: "हिच्या पोटावर गुडघा नको." एवढंच. कारण कुणी विचारत नाही.

तुम्हीही हे करा. निदान तीन जणांना सांगा: शिकवणाऱ्यांना, नेहमीच्या पार्टनरला आणि क्लासमधल्या अशा एकाला, जो तुम्हाला दवाखान्यात नेऊ शकेल. फोनच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा. त्यावर सर्जरीचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर आणि घरच्यांचा नंबर लिहा. बायपास झाली असेल तर "पोटाची बायपास" असंच लिहा. आपल्याकडे नुसतं बायपास म्हटलं की सगळ्यांना हृदयच आठवतं.

मॅटवर काय सांभाळायचं?

टॅप करायला लाजू नका. जिउ-जित्सूत आणि ज्युदोत पार्टनरच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा हात थोपटला की समोरच्यानं सोडायचंच असतं. तालमीत ही पद्धत नसते, म्हणून तिथे सराव सुरू करण्याआधीच "मी थांब म्हटलं की थांबायचं" असं ठरवून घ्या.

स्लीव्ह झालेल्यांना आंबट वर येण्याचा, छातीत जळजळण्याचा त्रास होऊ शकतो. पाय डोक्याकडे दुमडले जातील असे डाव, कोलांट्या, उलटं होणं यांत तो वाढतो. असे डाव टाळता येतात, त्यानं खेळ अडत नाही.

वजन उतरल्यावर रक्तदाब आणि साखरही उतरते. जुना गोळ्यांचा डोस आता जास्त होऊ शकतो. पडून झटकन उठताना चक्कर येत असेल, तर "दमले असेन" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना भेटा, डोस तपासून घ्या. गोळी मनानं बंद करू नका.

सैल त्वचेबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पोटाच्या, मांडीच्या, दंडाच्या घड्या कपड्याला घासतात, घाम साठतो, चट्टे उठतात. आत अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घाला. सराव झाला की लगेच अंघोळ करा आणि घड्या नीट कोरड्या करा. मॅटवरून गजकर्ण एकाचं दुसऱ्याला होतं, त्यामुळे ओले कपडे बॅगेत तसेच ठेवू नका.

डबा आणि बाटली

सर्जरीनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त लागू शकतात, तो आकडा आहारतज्ज्ञांकडून घ्या. पोटात जागा कमी, त्यामुळे ताटात प्रथिनं आधी खायची, भात-पोळी नंतर. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट सोडलं तर नावाला काही नाही. उपासाच्या दिवशी क्लास असेल, तर हे लक्षात ठेवा.

क्लासच्या दीड-दोन तास आधी थोडंसं खा. भरल्या पोटानं झटापट नको आणि उपाशीही नको. बायपासनंतर गोड पदार्थ किंवा साखरेचं पेय घेतलं, तर काही जणांना अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड आणि पोटात मुरडा येतो. काहींची साखर खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते. मॅटवर हात थरथरले, घाम फुटला, तर तो फक्त थकवा असेलच असं नाही. थांबा, बसा, सांगा. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना कळवा.

पाणी ही खरी अडचण आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागतं, पण एका वेळी घोट-दोन घोटच जातात. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी टाळायला सांगितलेलं असतं. त्यामुळे क्लासच्या दिवशी सकाळपासून बाटली सोबत ठेवा. मॅटवर दर दहा मिनिटांनी घोट घ्या. इतरांसारखं सराव संपल्यावर गटागटा पिऊन भरून काढू, असं तुम्हाला जमणार नाही.

गोळ्यांचं काय?

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, अंग दुखलं म्हणून घरातल्या डब्यातली कोणतीही गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन यांच्यामुळे, खासकरून बायपासनंतर, जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. साध्या पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल, तर तीही मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

दुसरी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका. सर्जरीनंतर हाडं हळूहळू कमकुवत होऊ शकतात आणि तुम्ही तर पडण्याचा खेळ निवडलाय. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. रक्ततपासणी वेळेवर करा, पुढेही दर वर्षी.

वजनगटाचा मोह

थोडं जमायला लागलं की क्लासमध्ये कुणीतरी म्हणतं, "स्पर्धेत उतर! अजून दोन किलो कमी केलंस तर खालच्या गटात खेळशील." इथे थांबा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या फायनलला पोचली आणि त्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. आदल्या रात्रभर तिनं आणि तिच्या टीमनं वजन उतरवायची धडपड केली होती. तिच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक सगळे होते.

तुमच्या पोटाला चुकलेलं पाणी आणि जेवण एका दिवसात भरून काढता येत नाही. त्यामुळे पाणी तोडणं, घाम गाळायला जाड कपडे घालून पळणं, जुलाबाची गोळी, हे काहीही तुमच्यासाठी नाही. जे वजन आहे, त्या गटात खेळा.

हे झालं तर लगेच दवाखाना

पोटात तीव्र कळ येऊन जात असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, शौचाला काळं होत असेल, व्रणाजवळ फुगवटा दिसत असेल, ताप असेल, दम लागत असेल किंवा एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल, तर वाट बघू नका. बायपास झालेल्यांमध्ये आतडं आतल्या आत अडकण्याचा धोका काही वर्षांनंतरही असतो. "काल सरावात ताण पडला असेल" म्हणून ओवा-हिंगावर रात्र काढू नका. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य सर्जरीचंच सांगा.

घरच्यांसाठी थोडंसं

हा लेख तुमची बायको, मुलगा, सून किंवा भाऊ या वाटेवर आहे म्हणून तुम्ही वाचत असाल, तर एक विनंती. "कशाला?" असं विचारण्याआधी एकदा क्लासला जाऊन बसा. तिथे मारामारी कमी आणि "ठीक आहेस ना?" असं विचारणंच जास्त ऐकू येईल. क्लासच्या दिवशी जेवणाची वेळ थोडी पुढे-मागे करा. लग्नात कुणी आग्रहानं जिलेबी वाढायला आलं, तर मध्ये पडून "तिला नको" असं तुम्हीच म्हणा. आणि सर्जरीबद्दल चारचौघांत विषय निघाला, की नजर चुकवू नका. घरात ती गोष्ट मोकळेपणानं बोलली गेली, तर बाहेर सांगायलाही तिला जड जाणार नाही.

आणि तुम्ही, ज्यांना मॅटवर उतरायचंय, या आठवड्यात फक्त दोन कामं करा. सर्जनना तो व्हिडिओ दाखवा आणि फोनच्या कव्हरमध्ये ती चिठ्ठी ठेवा. क्लासची फी नंतर भरली तरी चालेल.